'लॅटेरिशस' हा शब्द आणि आपला जांभा: काही नातं आहे का?

काचपट्टी (चिपळूण)

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, १४ वर्षं झाली. परवा डॉक्टरांच्या कपाटातलं वैद्यकाचं एक जुनं विलायती पुस्तक चाळत होते. लघवीच्या तपासणीत 'लॅटेरिशस सेडिमेंट' असे शब्द दिसले. शिकताना हा शब्द कधी कानावर आला नाही, रिपोर्टवर तर नाहीच. पण वर्णन वाचलं आणि लगेच ओळख पटली. सॅम्पल फ्रिजमध्ये राहिलं की नळीच्या तळाशी गुलाबी-तांबूस गाळ बसतो. नवीन मुली रक्त समजून घाबरतात. मी त्यांना ती नळी गरम पाण्यात धरायला सांगते. बघता बघता गाळ विरघळतो. रक्ताच्या पेशी अशा विरघळत नाहीत. तो युरेटचा, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षारांचा गाळ. आम्ही 'अमॉर्फस युरेट्स' लिहून मोकळे होतो.

माझं माहेर लांज्याकडचं, घर जांभ्या चिऱ्याचं. जांभ्याला इंग्रजीत लॅटेराइट म्हणतात. शाळेत सांगितलं होतं की हा शब्द 'लॅटरल'वरून आला, दगड आडवा पसरलेला असतो म्हणून. मग लघवीतला हा 'लॅटेरिशस' कुठून आला? दोन्ही शब्द एकाच मुळाचे का? कुणाला ठाऊक असेल तर नीट सांगा, दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

सड्यावरचा

ताई, दोन्ही एकाच घरातले, पण 'लॅटरल' त्या घरातला नाही. लॅटिनमध्ये 'लाटेर' म्हणजे वीट आणि 'लाटुस' म्हणजे कूस, बाजू. गंमत अशी की षष्ठीत दोन्हींचं रूप 'लाटेरिस' असंच होतं, त्यामुळे भलेभले फसतात. विटांचं ते 'लाटेरिकिउस'. ऑगस्टस सम्राट म्हणत असे की मला विटांचं रोम मिळालं, मी संगमरवराचं करून सोडतोय. तिथे विटांसाठी हेच विशेषण आहे. त्याच्यावरून इंग्रजी 'लॅटेरिशस'. म्हणजे सरळ आपलं 'विटकरी'.

दगडाचं नाव फ्रान्सिस ब्युकॅननचं. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला स्कॉटिश डॉक्टर. १७९९ मध्ये टिपू पडला आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल वेलस्लीने याला म्हैसूर, कॅनरा, मलबारच्या पाहणीवर धाडलं. केरळात अंगाडिपुरमला त्याने लोकांना हा दगड लोखंडी हत्याराने कापून घरं बांधताना पाहिलं. जमिनीत असतो तोवर मऊ, हवा लागली की टणक, आणि ऊन-पावसाला विटेपेक्षा चिवट, हे त्याने टिपून ठेवलंय. तिथली माणसं त्याला 'इट्टिका कल्लू' म्हणत, म्हणजे वीट-दगड. तोच अर्थ लॅटिनमध्ये नेऊन त्याने 'लॅटेराइट' केलं. १८०७ साली लंडनला तीन खंडांत छापलेल्या प्रवासवर्णनात ते आलं. 'इट्टिका' आणि आपली 'वीट' दोन्ही संस्कृत 'इष्टका'वरून. नाव ठेवणारा ब्युकॅनन खरा, पण वीट त्या दगडात आधी मलबारच्या गवंड्यांनी पाहिली. पाठ्यपुस्तकांत हे दोन ओळींत तरी यायला हवं, असं मला फार वाटतं.

आणि तो डॉक्टर होता. तुमचा तो विटकरी गाळ त्याच्या रोजच्या पाहण्यातला असणार, असं राहून राहून मनात येतं.

चिरेखाण (देवरुख)

टणक होण्याचं अगदी खरं. आजोबा हाताने चिरा काढायचे. खाणीतून ताजा निघालेला चिरा साबणासारखा तासला जातो. म्हणून तासायचं काम लगेच उरकायचं. वर्षभर पडून राहिलेल्या चिऱ्यावर हत्यार नुसतं उडतं. आता मशिनचं गोल पातं फिरतं, लाल धुरळा उडतो, संध्याकाळी घाम पुसला की पंचा लाल. सर, हा दगड हवा लागून घट्ट का होतो?

सड्यावरचा

दादा, लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातला चुना, सोडा, बरीचशी सिलिका धुऊन नेली. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. जमिनीत ते ओलं असतं. उघड्यावर पाणी उडतं आणि लोहाची संयुगं एकमेकांना घट्ट धरतात. आपल्या कोकणात मूळ खडक बहुतेक काळा बेसॉल्ट. काळ्या कातळाचा असा लाल चिरा झालाय.

अळंबी (न्यू जर्सी)

इकडे ऑक्टोबरात ओकच्या कुजक्या बुंध्यांवर अळंब्यांचे घोस येतात. टोपी मधोमध विटकरी, कडेला फिकट. शास्त्रीय नाव हायफोलोमा लॅटेरिटियम. चार-पाच वर्षं फोटो काढतेय, नावाचा अर्थ आज कळला!

काचपट्टी (चिपळूण)

सर, दादा, अळंबीताई, मनापासून आभार. आजचंच सांगते. सकाळी एक आजी प्लास्टिकच्या पिशवीत बाळाचं लंगोट घेऊन आल्या. नात तीन दिवसांची. "बाय, पोरीला रगत जातंय काय गो?" डाग बघितला तर कडा पसरलेल्या, रंग फिका तांबूस, आणि सुकलेल्या जागी बोट फिरवलं तर भुकटीसारखं लागलं. मी निदान सांगत नाही, त्यांना शेजारी बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनी बाळाला तपासलं, युरेटच म्हणाले, आईला वरचेवर अंगावर पाजायला सांगितलं आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं.

बाहेर आल्यावर आजी लंगोटाची घडी घालता घालता म्हणाल्या, "मी तेच म्हटलं, चिऱ्याचा भुगा पडल्यासारखं दिसतंय."