पाळीतच शिकवा, मशीनपाशी शिकवा

धागाकर्ता (सीएनसी सेटर, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन कामासाठी लावून देणारा, भोसरी):
आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे मोबाइलवरचे व्हिडिओ. घरी बघा, दहा प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र घ्या. पोरं उत्तरं एकमेकांना पाठवतात. मग वरून विचारणा, कामगारांना कामात रस का नाही?

मागच्या वर्षी आयटीआयच्या एका पोराला मी वेअर ऑफसेट शिकवला, म्हणजे टूल झिजलं की मशीनला द्यायची दुरुस्ती. पार्ट मोजायचा, ०.०२ मिमीचा फरक आला तर किती द्यायचा, प्लस की मायनस. आधी करून दाखवलं, मग त्याच्या हातून करून घेतलं, मग आठवडाभर लक्ष ठेवलं. आता तोच येऊन विचारतो, "इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) लवकर जातोय, स्पीड कमी करून बघू का?" ही रीत माझी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांना असंच शिकवत, युद्धानंतर ती जपानात गेली.

पाळीतला एक तास शिकवायला द्या आणि शिकवणाऱ्याला त्या तासाचे नग माफ करा, एवढंच मागणं.

प्रतिसाद (छोटा कारखानदार):
ते नग माझ्या खिशातून जातात. दुपारी ग्राहकाची गाडी दारात उभी असते. शिवाय शिकवलेला पोरगा दोन हजार जास्त मिळाले की शेजारच्या गाळ्यात. तीनदा अनुभवलंय. व्हिडिओमुळे मशीन तरी थांबत नाही.

प्रतिसाद (एचआर):
व्हिडिओंना सरसकट नावं ठेवू नका. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं, हे सगळ्यांना सारखंच सांगायचं असतं. आणि ऑडिटला नोंदी लागतातच, आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकात कामगाराच्या क्षमतेबद्दलचं ७.२ कलम आहे.

धागाकर्ता:
मॅडम, त्याच कलमात प्रशिक्षणाचा उपयोग झाला का, हेही तपासायला सांगितलंय. स्किल मॅट्रिक्समधला, म्हणजे कुणाला काय येतं त्या तक्त्यातला, गोल प्रमाणपत्र बघून भरू नका. पोरानं एकट्यानं सेटिंग केलं की भरा.
साहेब, तुमचं दुखणं खरं आहे. पण सोडून गेलेला पोरगा सेटिंग करायला लागल्यावरही त्याचा पगार साध्या ऑपरेटरचाच होता ना?

प्रतिसाद (कंत्राटी कामगार):
तुम्ही कायमवाल्यांचं बोलताय. २४० दिवस भरले तर आम्ही हक्क सांगू, म्हणून त्याच्या आतच आम्हाला ब्रेक. चार कंपन्यांत चारदा तीच सेफ्टीची फिल्म बघितली, मायक्रोमीटर एकदाही कुणी हातात दिला नाही. सात महिन्यांच्या माणसाला कोण शिकवणार?

प्रतिसाद (छोटा कारखानदार):
पगार वाढवला नव्हता, खरंय. एक तास देऊन बघतो, पण दुसऱ्या पाळीत, गाडी गेल्यावर. शिकून निघून जाणाऱ्याचं काय करायचं, हे मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही.