सह्या खऱ्या की बनावट? शुक्रवारच्या आत सांगा

अस्नोडा_एक्सप्रेस (मंगळवार, रात्री १०:१२)
मंडळी, घाईत आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या वस्तू घेऊन बसणाऱ्या एकाकडे अल्बम आहे, अकरा सह्यांचा. बावीस हजार म्हणतोय, अठराला येईल असा अंदाज. मुंबईचं गिऱ्हाईक लागलंय म्हणून शुक्रवार सकाळपर्यंतच थांबणार. त्यात आंद्रेची सही आहे, म्हणजे बघा! खरी निघाली तर लॉटरीच. फोटो चढवायला गेलो तर 'फाइल मोठी आहे' येतंय. खरं-खोटं घरच्या घरी कसं ओळखायचं? 'तज्ज्ञाला दाखवा' सांगू नका, अस्नोड्यात तज्ज्ञ बसलेले नाहीत.

आबोलीचो_वळेसर (१०:३०)
कुठला आंद्रे? बार्देशात दर तिसऱ्या वाड्यावर एक आंद्रे आहे. तियात्रातला, म्हणजे कोकणी नाटकातला का? आमचा पोदेर, म्हणजे पाववालाही आंद्रेच होता, पण त्याची सही कोण अठरा हजाराला घेणार!

अस्नोडा_एक्सप्रेस (१०:३४)
अहो आंद्रे द जायंट! डब्ल्यूडब्ल्यूएफ, अमेरिकेतली ती टीव्हीवरची कुस्ती. सगळ्या सह्या पैलवानांच्या आहेत. मला वाटलं आंद्रे म्हटल्यावर कळेल.

बेळगावी_लंगोट (१०:५१)
नुरा कुस्ती ती. कुस्तीच ठरवून खेळलेली, मग सही तेवढी खरी कशाला हवी? 😄 पैलवान म्हणजे दारासिंग. १९६८ साली मुंबईत लू थेझला हरवून जगज्जेता झाला. किंग काँग नावाचा पैलवान दोनशे किलोचा, त्यालाही उचलून आपटायचा. आमचे वडील बेळगावाहून गाडी बदलत बदलत त्या कुस्त्या बघायला जायचे.

शेट_फोंडा (११:०५)
लंगोटराव, दारासिंगही त्याच धंद्यातले, किंग काँगशी त्यांच्या गावोगाव किती कुस्त्या झाल्या मोजा. असो.
अस्नोडा, मी १९९४ पासून हे गोळा करतोय, पैलवानांच्या फोटोंच्या ट्रम्प कार्डांपासून सुरुवात. पण तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. सही कशावर आहे, फोटो की कागद? पेन कुठलं? अल्बम मुळात कोणाचा? बाकी दहा कोण?

अस्नोडा_एक्सप्रेस (११:११)
सगळं सांगितलं की. फोटोंवर आहेत, मोठे ग्लॉसी. काळं मार्कर, एक-दोन निळी. अल्बम एका तारवट्याचा, म्हणजे खलाशाचा, वारल्यावर मुलांनी घर रिकामं केलं. अमेरिकेच्या बोटीवर होता, तिथे सह्या मिळाल्या म्हणे. आंद्रे, ओवेन हार्ट, ब्रेट हार्ट, योकोझुना, मिस्टर परफेक्ट, अंडरटेकर, वॉरियर... बाकी आठवत नाहीत. एक दारासिंगची पण आहे, ती नुसत्या कागदावर, तिचं एवढं नाही.

बेळगावी_लंगोट (११:१३)
तिचं एवढं नाही???

तारवटी_निवृत्त (बुधवार, सकाळी ६:२०)
अठ्ठावीस वर्षं बोटीवर काढली, त्यातली अकरा क्रूझवर. मायामीत बोट लागली की दिवसभर सामान चढवायचं, संध्याकाळी सुटायची. पैलवान सोडा, मला नीट किनारा दिसायचा नाही. तरी अशक्य म्हणणार नाही, एकदा एका मोठ्या गायकाने माझ्या हातची चहाची किटली मागून घेतली होती. ती गोष्ट लांब आहे. मुद्दा असा की प्रत्येक खलाशाचं सीडीसी पुस्तक असतं, त्यात कुठल्या बोटीवर कधी चढला, कधी उतरला याचे शिक्के असतात. मुलांकडे ते मागा. आंद्रे १९९३ च्या जानेवारीत वारला. हा गृहस्थ पहिल्यांदा १९९५ ला बोटीवर चढला असेल तर विषय संपला.

वकील_पर्वरी (सकाळी ९:०२)
विक्रेत्याकडून स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून घ्या आणि नोटरी करा. सोपा उपाय.

शेट_फोंडा (९:४०)
वकीलसाहेब, नोटरी विक्रेत्याच्या सहीची साक्ष देईल, आंद्रेच्या नव्हे.

वकील_पर्वरी (९:४४)
फसवणुकीचा दावा लावताना उपयोगी पडतं म्हणून म्हटलं. ज्याचं त्याला.

निळीबत्ती (१०:१५)
एवढी चर्चा कशाला? नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट बत्ती घ्या, तीन-चारशेला मिळते. अंधारात मारायची, कागद निळा पांढरा चमकला की नकली. मी जुनी टपाल तिकिटं अशीच तपासतो.

शेट_फोंडा (१०:३१)
कागदात चमक आणणारी रसायनं १९५० च्या सुमारास सर्रास आली. १९३० सालचं म्हणून विकलेलं पत्र चमकलं तर बत्ती कामाची. १९९० चा फोटो खराही चमकेल आणि खोटाही.

निळीबत्ती (१०:३३)
माझा अनुभव वेगळा आहे.

अस्नोडा_एक्सप्रेस (दुपारी १:१०)
भांडू नका हो, परवा शुक्रवार आहे. एक सांगायचं राहिलं, प्रत्येक फोटोच्या मागे सर्टिफिकेट चिकटवलंय. मग प्रश्नच मिटला ना?

शेट_फोंडा (१:२२)
हे आत्ता सांगताय! कोणाचं? पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांचं असेल तर नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो.

अस्नोडा_एक्सप्रेस (१:४०)
नाव नाही. सोनेरी गोल स्टिकर आहे, 'ओरिजिनल' लिहिलंय. मोबाइलवर काढलेले फोटो बघितले. नंबर आहे, पण दिसतात त्या सगळ्यांवर एकच.

आबोलीचो_वळेसर (१:४५)
अकरा भावंडांना एकच आधार कार्ड.

शेट_फोंडा (२:०५)
नव्वदच्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढली, त्यात बनावट सह्यांबरोबर त्या खऱ्या असल्याचे दाखलेही ढिगाने सापडले. स्टिकर विसरा. उद्या जाऊन हे करा:
सोनाराकडचं दहापट भिंग घ्या. सहीच्या कडेवर धरा. रंगीत ठिपके दिसले तर सही फोटोसोबत छापलेली आहे. कंपन्या अशा छापील सह्यांचे फोटो फुकट वाटायच्या, त्यात लबाडी नव्हती, लबाडी नंतर विकणाऱ्याची. मग फोटो खिडकीशी तिरपा धरा. मार्करची शाई वर बसलेली असेल तर तिला वेगळी, जांभळट झाक येते. छापील असेल तर सगळा फोटो सारखाच चकाकतो.
शाई खरी निघाली तर रेघ बघा. माणूस सही भरभर करतो, रेघेची दोन्ही टोकं निमुळती होतात. नक्कल करणारा हळू जातो, टोकं बोथट, मध्ये थरथर, नको तिथे पेन उचललेलं. सही केलेली आहे की काढलेली, एवढंच बघायचं.
आणि फोटोच्या कोपऱ्यातला लोगो. विसरू नका.

माड_आणि_मासळी (३:१५)
घेतलात तर आधी लॅमिनेशन करा. गोव्याच्या पावसाळ्यात काही टिकत नाही, आमच्या लग्नाच्या अल्बमला बुरशी आली.

शेट_फोंडा (३:१६)
लॅमिनेशन करू नका!!! उष्णतेने शाई पसरते, आणि लॅमिनेट केलेली सही कोणी तपासूनही देत नाही. आम्लरहित पाकीट, सिलिका जेल, लोखंडी कपाट नको. माझ्याकडच्या दोन सह्या २०१९ च्या पावसात गेल्या, त्यातली एक इक्बाल सिंगची होती, आठवलं की जेवण जात नाही.

अस्नोडा_एक्सप्रेस (गुरुवार, संध्याकाळी ७:५०)
जाऊन आलो. विक्रेता घरी भेटला, भिंग बघून तोंड वाकडं केलं. मिस्टर परफेक्ट, वॉरियर, ब्रेट: ठिपकेच ठिपके, वर्तमानपत्रासारखे. ओवेन हार्टच्या सहीला जांभळी झाक आहे, शाई खरी! लोगो पण बघितला, डब्ल्यूडब्ल्यूई, एकदम क्लिअर.

शेट_फोंडा (७:५३)
एफ की ई? नीट आठवा.

अस्नोडा_एक्सप्रेस (७:५५)
ई. फोटो काढलाय. ई च आहे.

शेट_फोंडा (७:५८)
ओवेन २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत रिंगणात उतरताना वरून पडून गेला. कंपनीने 'एफ' चं 'ई' केलं मे २००२ मध्ये, वन्यजीववाल्या डब्ल्यूडब्ल्यूएफने कोर्टात खेचल्यावर. आता तुम्हीच हिशेब करा.

अस्नोडा_एक्सप्रेस (८:०४)
अरे देवा. योकोझुनाच्या फोटोवर पण तोच लोगो आहे.

शेट_फोंडा (८:०५)
तो २००० च्या ऑक्टोबरात लिव्हरपूलला वारला. एकाच माणसाने एकाच बैठकीत सगळं उरकलेलं दिसतंय. आंद्रे?

अस्नोडा_एक्सप्रेस (८:१६)
आंद्रेवर लोगोच नाही. हल्क होगनबरोबर उभा आहे, १९८७ च्या रेसलमेनियाचा असावा. शाई वरची आहे. पण 'ए' च्या वळणावर रेघ कापलीय आणि शेवट एकदम जाड, जणू पेन टेकवून विचार करत बसला. हे 'काढलेलं' का?

तारवटी_निवृत्त (८:३०)
घाई करू नका. आंद्रे पिण्यात नामांकित, त्यातून ताटाएवढा पंजा, त्यात साधं पेन म्हणजे काडी. आणि बोट हलते! उभ्या समुद्रात मला पगाराच्या वहीत स्वतःची सही जमायची नाही. चीफ कुक तर अंगठा द्यायचा, शिकलेला असून.

शेट_फोंडा (८:४१)
हलणाऱ्या बोटीवर रेघ झोकांड्या खाते, पण वेगात खाते. इथे पेन थांबलंय. मी पैसे देणार नाही. तुम्हाला हौस असेल तर स्कॅन करून फी भरा आणि बाहेरच्या कंपनीचं मत घ्या, पण आजच्या आज ते होणार नाही.

तारवटी_निवृत्त (८:४४)
तुम्ही कधी बोटीवर गेला आहात का?

शेट_फोंडा (८:४५)
रायबंदर-चोडण फेरीबोट.

बेळगावी_लंगोट (९:१०)
दारासिंगचा कागद कोणी बघणार आहे का, की नुसता टोणग्यांचाच उत्सव?

अस्नोडा_एक्सप्रेस (९:२२)
तो बघितला चुकून. वहीचं पान आहे, रेघा मारलेलं, बॉलपेनची निळी सही. मागून बोट फिरवलं तर उंचवटा लागतो. खाली तारीख आणि 'मुंबई'. पानाच्या मागे कोणाचा तरी किराणा हिशेब, गूळ, खोबरेल, काड्यापेट्या. त्याच्या मागेच तेवढं स्टिकर नाही.

शेट_फोंडा (९:२५)
बनावट करणारा काड्यापेट्यांचा हिशेब कशाला लिहील? तारीख काय?

अस्नोडा_एक्सप्रेस (९:२६)
बघितली नाही नीट. साठ-काहीतरी.

बेळगावी_लंगोट (९:२७)
धन्य आहात.

अस्नोडा_एक्सप्रेस (शुक्रवार, सकाळी ८:४८)
बाजारात आहे. मुंबईचं गिऱ्हाईक आलेलं नाही, बहुतेक नव्हतंच. अल्बम आता नऊ हजाराला म्हणतोय. दारासिंगचं पान सुटं दीड हजारात द्यायला तयार. घेऊ का? लवकर सांगा, केळीवाल्यांच्या रांगेपाशी उभा आहे, मोबाइल चार टक्के.

आबोलीचो_वळेसर (८:५०)
तिथेच आहात तर मोयऱ्याची केळी कशी डझन ते बघा.

निळीबत्ती (८:५१)
बत्ती मारलीत का?

बेळगावी_लंगोट (८:५१)
घ्या हो!! नको असेल तर मी दोन देतो.

शेट_फोंडा (८:५२)
तारीख वाचा आधी. तारीख!

वकील_पर्वरी (९:३०)
पावती घ्यायला विसरू नका.