आईच्या नडग्यांना थंडीत खाज

प्रश्न: आई ७२ वर्षांची. थंडीत नडग्यांवर पांढरे खवले, रात्री खाज. रोज डाळीचं पीठ चोळून कढत पाण्याने अंघोळ करते. काय बदलावं?

मृदुला: ताई, कढत पाणी आणि पीठ आधी थांबवा. वयानुसार त्वचेचं तेल कमी होतं, उरलंसुरलंही त्याने निघून जातं. कोमट पाणी, दहा मिनिटांत अंघोळ. साबण फक्त काखा, जांघा, पावलांना. अंग टिपून, ओलसर असतानाच बिनवासाचं जाड क्रीम किंवा पेट्रोलियम जेली लावा. पातळ लोशन पुरत नाही.

वसंत: टाचांना रात्री १० टक्के युरियाचं (कडक त्वचा मऊ करणारं) क्रीम. चिरांमध्ये झोंबतं, तिथे जेलीच. क्रीम लावलेल्या पायांनी फरशीवर चालू देऊ नका, पाय घसरतो!

मृदुला: २-३ आठवड्यांत खाज थांबली नाही, तर साखर, थायरॉइड, किडनी, लिव्हर तपासून घ्या.