नीट दिसण्याचा खर्च
"नोकरी, घर सगळं नीट चाललंय, मग एडीएचडी कसला?" असं एकाने विचारलंय, म्हणून लिहिते. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि चुळबुळ आवरणं जन्मापासूनच्या मेंदूच्या ठेवणीमुळे अवघड जाणं. ते नीट दिसावं म्हणून माझ्या मोबाइलवर रोज ११ गजर वाजतात. गॅस बंद केल्याचा फोटो काढून मगच कुलूप लावते. मीटिंगमध्ये पाय हलू नये म्हणून अंगठा दाबून धरते आणि त्या नादात समोरचा काय म्हणाला तेच निसटतं. घरी आल्यावर सासूबाईंच्या साध्या "चहा टाकू का गं?"वर खेकसते, मग रात्रभर स्वतःलाच खाते. शाळेत दंगा केला नाही, नुसती खिडकीबाहेर बघायचे. त्यामुळे 'वेंधळी' एवढंच निदान. २०१३ साली डीएसएम-५ने, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेने, एडीएचडीची लक्षणं ज्या वयाआधी दिसायला हवीत ती मर्यादा ७ वरून १२ वर नेली, तेव्हा मी तिशी ओलांडली होती.