‘आयोलँथी’ पडद्यावर: संहिता शिळी झाली की चित्रण फसलं?

तालमात्रा: ‘१९८२चं ब्रेंट वॉकरचं आयोलँथी बघवत नाही, लॉर्ड आता उरलेत कुठे, पडद्यासाठी संहिता बदलायलाच हवी होती’, ही पोस्ट वाचून राहवलं नाही. आयोलँथी म्हणजे गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची १८८२ची पऱ्या आणि लॉर्डांची विनोदी इंग्रजी संगीतिका, आणि ब्रेंट वॉकर ही ते चित्रण काढणारी कंपनी. १९८२ साली वंशपरंपरागत लॉर्ड ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात बसतच होते. बहुतेकांना बाहेर काढणारा कायदा १९९९चा, आणि तेव्हाही ९२ राहिलेच. मुळात संहिता लिहिणाऱ्या गिल्बर्टचा नेम कायद्याच्या भाषेवर आहे. मर्त्य माणसाशी लग्न करील ती परी मरेल, हा नियम. लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे नाटकातला सर्वोच्च न्यायाधिकारी, त्यात एक नकार घुसवतो, मग लग्न न करणारी परी मरणार! हे कधी शिळं होईल?

विंगेतून: तेवढंच बघून कसं चालेल? सरदारकी स्पर्धापरीक्षेने द्या, ही पहिल्या अंकाच्या शेवटची परीराणीची धमकी १८८२मध्ये झोंबली, कारण १८७०पासून ब्रिटिश सरकारी नोकऱ्या परीक्षेने भरू लागल्या होत्या. आज ते कुणाला कळणार?

तालमात्रा: स्पर्धापरीक्षा महाराष्ट्रात कळत नाही? सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत विचारून या!

झांजवाला: संहितेवर कसले भांडता? खरा घोटाळा आवाजाचा. गाणी आधी ध्वनिमुद्रित केली आणि कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलवले. चॅन्सेलरचं दुःस्वप्नाचं गाणं घ्या. सेकंदाला सात अक्षरं धरली, तर सेकंदाला २५ फ्रेमच्या (चित्रचौकटींच्या) चित्रणात एका अक्षराला जेमतेम साडेतीन फ्रेम मिळतात. दोन फ्रेम घसरलं की ‘प’, ‘ब’, ‘म’ला मिटायला हवेत ते ओठ उघडे दिसतात. त्यात झोप उडालेला माणूस एवढं बडबडतो आणि छाती हलत नाही. दम लागलेला दिसायलाच हवा तिथे.

विंगेतून: थेट गाऊन घेणं सोपं वाटतं का? वाद्यवृंद त्याच स्टुडिओत असला तर गायकाच्या माइकात शिरतो. दर टेकला लय थोडी हलते, म्हणून एका टेकचं कडवं दुसऱ्याला जोडता येत नाही. नाचणाऱ्या पऱ्यांना माइक लावला तर कापडाची सळसळ येते. प्लेबॅक हौसेने नाही करत कुणी.

झांजवाला: समूहगीतांना करा प्लेबॅक. लॉर्डांच्या मिरवणुकीत पावलं तालात पडली की पुरे. हे एक गाणं मात्र थेट घ्या: गायकाच्या कानात पियानो, दोन कॅमेरे, सलग टेक. विग असला की कानातलं यंत्र झाकलं जातं. वाद्यवृंद नंतर त्याच्या आवाजामागून वाजवायचा, संगीत नाटकात ऑर्गनवाला नटामागून जातो तसा.

तालमात्रा: विषय कुठे नेलात! संहिता बदलायची की नाही, तेवढं बोला.

विंगेतून: बरं, नकाराच्या कायद्याला हात लावू नका, तेवढं मान्य. पण परीराणी प्रेमाची आग विझवायला कॅप्टन शॉला हाक मारते, त्याचं काय? हा शॉ म्हणजे लंडनच्या अग्निशमन दलाचा प्रमुख, तो पहिल्या प्रयोगाला समोर बसला होता, म्हणून ती जागा जमली. शब्द ठेवायचे असतील तर कॅमेरा प्रेक्षागृहाकडे वळवा, पितळी हेल्मेटवाला अधिकारी दाखवा. तळटीप लागणार नाही.

झांजवाला: दाखवा की. पण राणीही नुसते ओठ हलवणार असेल तर फुकट आहे ते. कंट्राल्टोचा, म्हणजे खालच्या पट्टीतल्या स्त्रीआवाजाचा, लांब सूर सुरू व्हायच्या आधी खांदे उचललेले दिसले पाहिजेत.