मदत हवी आहे: एएफओमध्ये (घोटा-पाऊल धरून ठेवणाऱ्या ब्रेसमध्ये) टाच टेकत नाही

मुलगा साडेतीन वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, स्पास्टिक डायप्लेजिया (मेंदूतल्या इजेमुळे मुख्यतः दोन्ही पायांचे स्नायू ताठर). राहणं नागपुरात, मनीष नगरला. थेरपिस्ट आठवड्यातून तीनदा, 45 मिनिटं घरी येतात. एएफओ घातला की दहा मिनिटांत टाच वर सरकते. काढल्यावर घोट्याच्या आतल्या हाडावर लाल वळ असतो, अर्ध्या तासानंतरही जात नाही.

करून झालेलं: गुडघा वाकवून टाच पार मागे बसवणं, घोट्याचा पट्टा सगळ्यात आधी लावणं, बिनशिवणीचे मोजे, गुडघा सरळ ठेवून पोटरीचं स्ट्रेचिंग 30 सेकंद, पाच वेळा. गुडघा वाकवला तर पाऊल काटकोनात येतं, सरळ केला की येत नाही. म्हणजे पोटरीचा वरचा स्नायू आखडलाय. पट्टा जास्त आवळला तर वळच वाढतो. बोटॉक्स (ताठर स्नायू सैल करणारं इंजेक्शन) अजून दिलेलं नाही.

एएफओवाले म्हणतात स्ट्रेचिंग कमी पडतंय, थेरपिस्ट म्हणतात मापच चुकलं. दोघं एकत्र मुलाला पाहत नाहीत, खरी गोम तिथंच आहे. मे महिन्याच्या उन्हात दोन्हीकडे फेऱ्या मारणं शक्य नाही.

नागपुरात थेरपिस्टच्या वेळेत घरी येऊन एएफओ तपासून देणारं कोणी आहे का? आणि आधी सिरियल कास्टिंग (टप्प्याटप्प्यानं प्लास्टर बदलत स्नायू ताणणं) केलं असेल, तर नवीन माप किती दिवसांनी घेतलंत?