रोटेटर कफ (दंडाचा गोळा वाटीत धरून ठेवणारे स्नायू) फाटून खांदा झिजलाय, पुढे काय?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): वडील 72 वर्षांचे. हात खांद्याच्या वर उचलत नाही, रात्री ठणका. एमआरआय लगेच करावा?

उत्तर: आधी साधा एक्स-रे, उभ्यानं, सीपीआरलाही (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) निघतो. दंडाचा गोळा आणि वरचं हाड यांतलं अंतर 7 मिमीपेक्षा कमी म्हणजे कफ बहुतेक मोठा फाटलाय. कफच्या स्नायूत चरबी किती भरलीय ते एमआरआय सांगतो. जास्त असेल तर फाटलेला कफ शिवला तरी शिवण टिकत नाही.

प्रश्न: इंजेक्शन घेऊन लगेच शस्त्रक्रिया चालेल?

उत्तर: स्टिरॉइड इंजेक्शन घेतलं तर 3 महिने शस्त्रक्रिया नको, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

प्रश्न: कृत्रिम सांधा कोणता बसवावा?

उत्तर: नेहमीचा कृत्रिम सांधा बसवू नका! कफाविना गोळा वर सरकतो, वाटी डगमगून सैल होते. रिव्हर्स सांध्यात (गोळा आणि वाटीची जागा उलटी) हात डेल्टॉइड (खांद्यावरचा मोठा स्नायू) उचलतो, म्हणून त्याची नस आधी तपासून घ्याच.